समुद्राकडे पाठ करून

आमच्या सावद्यात उखर्डूआबांना फसवणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे, असं आबा स्वतःच सांगतात. दुसऱ्या कोणी सांगायची वेळ येत नाही, कारण दुसऱ्याला ते बोलूच देत नाहीत. वय सहासष्ट, पांढरा पायजमा, डोक्यावर टोपी आणि खांद्यावर टॉवेल. नाव उखर्डू पडलं, कारण त्यांच्या आधीची दोन भावंडं पाळण्यातच गेली होती. तिसरं झालं तेव्हा आईनं ते उकिरड्यावर ठेवलं आणि शेजारणीच्या हातून परत उचलून घेतलं. यमाला वाटावं की टाकाऊ माल आहे, कशाला न्यायचा. यम फसला. तेव्हापासून फसण्याची पाळी कायम समोरच्याचीच, असं आबांनी पक्कं धरलं आहे.

मी ललित. बसस्टँडजवळ माझं ऑनलाइन सेवा केंद्र आहे. सातबारा, आधार, पीकविमा, तिकिटं, जे लागेल ते काढून देतो. माझ्या घराची आणि आबांच्या घराची भिंत एकच आहे. त्यामुळे त्यांच्या घरात काय चाललंय ते मला कळतं, आणि मला कळू नये असं वाटणारे ते लोकही नाहीत.

आबांची स्वतःची सहा एकर केळी आहे, पण त्यांचं खरं नाव आहे ते बाग पारखण्यात. व्यापारी केळीची बाग घ्यायला निघाला की आधी आबांना गाडीत घालतो. रस्त्यालगतच्या चार ओळी प्रत्येक शेतकरी नटवून ठेवतो. वाळलेली पानं काढतो, घडांना टेकू देतो, तण उपटतो. आबा तिकडे ढुंकूनही बघत नाहीत. पायजमा गुडघ्यापर्यंत वर घेतात आणि थेट बागेच्या पोटात शिरतात. मधल्या ओळीत उकिडवे बसून खोड दाबतात, पान उलटं करून करपा बघतात, घडाच्या शेवटच्या फणीवरून बोट फिरवतात. बाहेर येऊन दोनच शब्द बोलतात, "घ्या" किंवा "चला".

हीच रीत त्यांनी आयुष्यभर सगळीकडे चालवली. मुलीचं, ज्योत्स्नाचं स्थळ बघायला गेले तेव्हा बाकीचे बैठकीत पोहे खात होते आणि आबा मागच्या दारानं गोठ्यात. गुरांच्या हाळातलं पाणी ताजं आहे हे बघून आले आणि म्हणाले, "पोरगी द्यायले हरकत नाही." मुलगा तोवर त्यांनी पाहिलाच नव्हता.

आता पुष्पाअक्का. आबांच्या पत्नी, बेचाळीस वर्षांचा संसार, दोन्ही गुडघे गेलेले आणि बोलणं मोजकं. अक्कांनी समुद्र पाहिला नव्हता. आबांनीही नव्हता. आमच्याकडे पाणी म्हणजे तापी आणि हतनूरचं धरण, त्यापलीकडे कोणाचं फारसं अडत नाही. पण अक्कांचं अडलं होतं. त्यांच्या थोरल्या बहिणीचे यजमान एकदा एकटेच रामेश्वराला जाऊन आले आणि पुढे बायकोला घेऊन गेले, तेव्हा त्या गृहस्थांनी तिला एक मिनिट काही बघू दिलं नाही. "मी म्हटलं व्हतं ना, लाट अशी येते. पाहा, आली." असं तीन दिवस. बहीण रडकुंडीला येऊन परतली. ते ऐकल्यावर अक्कांनी लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी आबांकडून शब्द घेतला होता, की समुद्र पाहायचा तर दोघांनी एकदमच. एकानं आधी पाहून यायचं नाही. महिला मंडळाची बस द्वारकेला निघाली तेव्हा अक्का त्यात चढल्या नाहीत. बेचाळीस वर्षांत नवऱ्याकडे त्यांनी दुसरं काही मागितल्याचं मला तरी ठाऊक नाही.

यंदा मुलानं, हितेंद्रनं, पुण्याहून फोन केला. आईबाबांना समुद्रावर पाठवायचं, खर्च त्याचा, गाडी चालवायला मी. त्यानं श्रीवर्धनच्या बाजूची दोन हॉटेलं माझ्या मोबाईलवर पाठवली. एक पंचतारांकित. समुद्राच्या बाजूची भिंत अख्खी काचेची, पोहायचा तलाव, खोलीत दोन दिवे लागावेत तिथे बावीस. दुसरं म्हणजे एका बाईंचं घरगुती लॉज, नारळी-पोफळीच्या वाडीत सहा खोल्या, पंखा, अंगणात जेवण, आणि भाडं पहिल्याचा आठवा हिस्सा. "बाबांना विचार आणि कोणतंही एक पक्कं कर," हितेंद्र म्हणाला. त्याला पुण्यात राहून बारा वर्षं झाली, म्हणून तो असं सोपं बोलतो.

मी मोठ्या स्क्रीनवर फोटो लावले. आबांनी चष्मा चढवला, सगळे फोटो दोनदा पाहिले आणि खुर्ची मागे सरकवली.

"हे बांधावरचं झालं," ते म्हणाले. "मधली ओळ दाखव."

"आबा, हॉटेलला मधली ओळ नसते."

"सगळ्याले असते. लपवतात."

मी लोकांची मतं वाचून दाखवली. आबांनी विचारलं, ही मतं कोण देतं? मी म्हटलं, राहून गेलेले लोक. "म्हणजे ज्यायचे पैसे गेले ते," आबा म्हणाले. "त्यायले चांगलंच सांगा लागते. नाही तं घरी बायको विचारते, मंग गेले कायले?" आठवडाभर ते रोज येऊन दोन्ही हॉटेलं बघायचे आणि रोज तसेच परत जायचे. माझ्या दारात पीकविम्याची रांग लागलेली, आणि आबा त्या पोहण्याच्या तलावाकडे बघत विचारणार, "हे पाणी कितव्या दिवशी बदलतात?"

शेवटी व्हायचं तेच झालं. एका सोमवारी पहाटे आबा घरात "जामनेरले बाग पाहायले जातो, दोन-तीन दिवस लागतीन" असं सांगून बाहेर पडले आणि हेमराजच्या ट्रकमध्ये बसले. हेमराज शिंदखेड्याचा. तो आमच्याकडची कच्ची केळी वाशीच्या बाजारात टाकतो. त्या खेपेला वाशीहून पुढे श्रीवर्धनला जाऊन सुपारी भरून आणायची होती. एवढी आयती सोय बघून आबांना मोह आवरला नाही. पुढे काय घडलं ते मला हेमराजनं सांगितलं, आणि आबांनीही सांगितलं. दोघांचं जुळतं, म्हणून मी ते खरं मानतो.

शब्द मोडायचा नाही, हे आबांनी निघतानाच ठरवलं होतं. हॉटेलं पाहायची, समुद्र पाहायचा नाही. घाट उतरायला लागल्यावर हेमराज म्हणाला, आता दिसेल, त्याबरोबर आबांनी टॉवेल तोंडावर घेतला आणि केबिनमध्ये आडवे झाले. काचेच्या हॉटेलच्या फाटकापर्यंत ते तसेच गेले. तिथे उतरल्यावर टोपी भुवयांपर्यंत ओढली आणि खाली बघत आत शिरले. रखवालदाराला वाटलं, म्हातारबाबांची काहीतरी वस्तू पडली आहे. तोही शोधू लागला.

फोनवर चौकशी केलेल्या हितेंद्रचं नाव सांगितल्यावर मॅनेजर धावत आला. त्यानं कोपऱ्यातली सजवलेली खोली उघडली. आबा उंबऱ्यातूनच म्हणाले, "ही दाखवायची खोली. मले मधातली दाखवा, जिथून आज सकाळी कोणी उठून गेलं." मॅनेजर हसला, मग हसायचा थांबला, मग त्यानं मधली खोली दाखवली. तिथे त्यानं मोठ्या झोकात पडद्याची दोरी ओढली आणि म्हणाला, "हे बघा!" आबा झटकन भिंतीकडे वळले. मॅनेजरनं पाणी मागवलं. त्याला वाटलं, चक्कर आली.

मग आबांनी भिंतीकडे तोंड ठेवूनच खोली पारखली. गादी मुठीनं दाबली, पलंगाखाली हात घातला, न्हाणीतल्या मोरीला नाक लावलं, कमोडवर बसून उठून पाहिलं, कारण अक्कांचे गुडघे. सगळं फर्स्टक्लास. एकच गोष्ट त्यांना पटली नाही. न्हाणी आणि पलंग यांच्यामध्ये भिंत नव्हती, काच होती. स्वच्छ, आरपार दिसणारी.

"ही काच कायले?"

"सर, रोमँटिक असतं," मॅनेजर म्हणाला.

"कोणाले?" आबांनी विचारलं. मॅनेजर सव्वीस वर्षांचा असेल. त्यानं विषय बदलला.

तिथून आबा स्वयंपाकघरात घुसले. फळांच्या टोपलीतलं केळ उचललं, देठ बघितला आणि सांगितलं की हा घड वेळेच्या पंधरा दिवस आधी कापलाय, वरून पिवळा आणि आतून कच्चा, पाहुण्यांची पोटं धरतील. दोन आचारी आणि एक वाढपी हातातलं काम टाकून वीस मिनिटं ऐकत उभे होते. मॅनेजरनं शेवटी त्यांना नारळपाणी पाजून फाटकापर्यंत पोचवलं.

लॉजवाल्या बाईंकडे वेळ लागला नाही. खोल्या सारवल्यासारख्या स्वच्छ, कापसाच्या गाद्या, विहिरीचं पाणी गोड, कमोड होता, तोही घट्ट बसवलेला. आबांनी कोपरे हुडकले, मागे जाऊन खरकट्याची जागा पाहिली. कुठे बोट ठेवायला जागा नव्हती. बाई म्हणाल्या, "गच्चीवर या ना, समुद्र दिसतो." आबा म्हणाले, नको. बाईंनी विचारलं, मग आलात कशाला एवढ्या लांबून? तेव्हा आबांनी खाटेवर बसून त्यांना सगळं सांगितलं, बायकोला दिलेल्या शब्दासकट. बाई पदर तोंडाला लावून हसल्या आणि मग त्यांनी आबांना पैसे न घेता जेवायला घातलं.

निघताना हेमराजनं ट्रक वाळूच्या कडेला थांबवला. त्याला आबांचा फोटो हवा होता. आबा समुद्राकडे पाठ करून उभे राहिले, नजर स्वतःच्या चपलांवर. हेमराज कळवळून त्याच्या अहिराणीत म्हणाला, "आबा, मांगे फिरीसन एकदाव दखा तरी! तठे वाघ थोडीच बठेल शे? दखाले काय पैसा लागतस?"

"गाडी काढ," आबा म्हणाले.

बुधवारी संध्याकाळी आबा थेट माझ्या केंद्रावर आले आणि त्यांनी मला दोन्ही हॉटेलांचा अहवाल दिला. गादी, मोरी, कमोड, केळी. मी विचारलं, "आणि समुद्र कुठून जास्त चांगला दिसतो?"

"ते कसं सांगू? पाह्यला नाही."

माझं डोकंच फिरलं. "आबा, लोक पैसे कशाचे देतात तिथं? मोरीचे? ज्यासाठी एक हॉटेल महाग आहे आणि एक स्वस्त आहे, तेवढंच सोडून तुम्ही सगळं बघून आलात. बाराशे किलोमीटरची चक्कर मारून."

मला वाटतं, बाग बघून आल्यावर "घ्या" किंवा "चला" यातलं काहीच बोलता न येण्याची त्यांची ती पहिलीच वेळ होती.

तोवर तिकडे घात झालेला होता. हेमराजनं तो फोटो स्टेटसला टाकला होता, "आबा समुद्रावर" असं लिहून, वर तीन लाटा आणि एक नारळाचं झाड. समोरच्या रत्नावहिनींनी तो उघडला आणि मोबाईल घेऊन त्या सरळ अक्कांच्या ओट्यावर गेल्या. कोणाच्या घरात आग लागली तर रत्नावहिनी इतक्या लवकर पोचायच्या नाहीत.

आबा घरी गेले तेव्हा अक्का कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी थापत होत्या. मीही केंद्र बंद करून घरी आलो होतो, भिंतीपलीकडून मला शब्द न् शब्द ऐकू आला.

"जामनेरची बाग कशी व्हती?"

आबा खोटं बोलण्यात कच्चे आहेत. त्यांनी लगेच सगळं कबूल केलं. "पण मी समुद्र पाह्यला नाही. तुह्यी शपथ."

"फोटोत मांगं तोच हाये."

"मांगंच हाये ना! माही पाठ हाये तिकडी!"

"फोटो काढताना बठ्ठ्यायचीच पाठ तिकडी असते," अक्का म्हणाल्या. "मी येत नाही. तुमी पाहून आले. आता जनमभर मले सांगत बसा."

मग भाकरी थापण्याचा आवाज आला. मी जागेवरच बसून राहिलो, कारण अक्कांचं म्हणणं कोर्टात टिकलं असतं. समुद्रावर काढलेला असा एक फोटो दाखवा, ज्यात माणसाचं तोंड समुद्राकडे आहे.

पुढचे पंधरा दिवस आबांचे वाईट गेले. सावद्यात दुसरा विषयच नव्हता. केळीच्या लिलावात कोणी मान वळवली तरी लोक म्हणायचे, तिकडे बघू नको, बायकोला विचार. आबांवर विश्वास ठेवणारा एक माणूस सापडत नव्हता. समुद्रावर जाऊन समुद्र न पाहिलेला माणूस कोणाला खरा वाटणार? एका संध्याकाळी ते माझ्याकडे येऊन बसले. काम काही नव्हतं.

"लल्या, मी जिंदगीत एक वस्तू न पाहता सोडली," ते म्हणाले. "एकच. मान अशी अवघडली व्हती रे. कानात तो आवाज. घोंघों. मागं वळू वळू वाटे. नाही वळलो. आन् तेच कोणाले पटत नाही."

मला हसू येत होतं आणि त्याच वेळी फार वाईटही वाटत होतं. मी उठून चहा सांगितला.

दुसऱ्या दिवशी मी अक्कांकडे गेलो. वकिली करायला गेलो खरा, पण मला तोंड उघडावं लागलं नाही. हितेंद्रचे रोज फोन येत होते, ज्योत्स्नाही सासरहून बोलून झाली होती. अक्कांचं ठरलं होतं.

"जाऊ," त्या म्हणाल्या. "पण हॉटेल मी सांगीन." मग तिथेच बसलेल्या आबांकडे वळून त्यांनी विचारलं, "मोठ्यात खोट काय?"

"न्हाणीले काचेची भिंत. आन् केयी कच्ची."

"आन् लहान्यात?"

"काहीच नाही. हुडकून हुडकून दमलो."

"मंग मोठंच घ्या," अक्का म्हणाल्या.

आबा उडालेच. "अवं, मोठं कायले? खोट तं मोठ्यात हाये!"

"जिच्यात खोट सापडली नाही अशी बाग तुमी घेतली का कधी? म्हणता, लपवली असंल. मोठ्याची खोट माहीत पडली. तिले लुगडं बांधता येते."

एवढं तर्कशुद्ध बोलणं मी तालुक्याच्या सभेतही ऐकलेलं नाही. आबा टोपी काढून डोकं खाजवत बसले. मी तिथल्या तिथे मोबाईलवर मोठं हॉटेल पक्कं केलं. स्वतःच्या स्वार्थासाठी थोडी घाईच केली, कारण ड्रायव्हरलाही वेगळी खोली होती आणि मला त्या तलावात पोहायचं होतं.

जानेवारीत निघालो. मागच्या सीटवर दोघं दोन खिडक्यांना, मध्ये शेव, वांग्याचं भरीत आणि आबांच्या बागेतली पिकलेली केळी, कारण तिथल्या केळ्यांवर आबांचा विश्वास नव्हता. अक्का वाटेत आबांशी गरजेपुरतंच बोलल्या. घाट आला तसं मी सांगितलं, आता दिसेल. आबांनी टॉवेल तोंडावर घेतला. अक्कांनी ते पाहिलं आणि त्यांनीही पदर डोळ्यांवर ओढला. मी एकटाच बघत गाडी चालवत होतो आणि मागे दोन माणसं तोंडं झाकून बसली होती. टोलवाल्यानं मला विचारलं, पेशंट आहेत का?

मॅनेजरनं आबांना ओळखलं. त्याच्या चेहऱ्यावरून ते कळलं. आम्हाला खोलीत पोचवून तो पडद्याच्या दोरीपाशी गेला, पण मागचा अनुभव आठवून त्यानं विचारलं, "उघडू ना?"

"थांबा," अक्का म्हणाल्या.

आधी त्यांनी पिशवीतून जुनं लुगडं काढलं आणि न्हाणीच्या काचेवर माझ्याकडून बांधून घेतलं. मग आबांचा दंड धरून त्यांना पडद्यासमोर उभं केलं. आणि स्वतः मात्र त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या, पडद्याकडे पाठ करून, आबांच्या तोंडाकडे बघत.

"अवं, तू अशी काय उभी राह्यली? फिर ना. दोघांनी एकदम पाहायचा ना?"

"उघडा हो," अक्का मॅनेजरला म्हणाल्या.

पडदा सरकला. दुपारचे चार वाजले होते. समुद्र काय, होता तिथेच होता. पण मीही त्याच्याकडे बघितलं नाही, मी आबांकडे बघत होतो. त्यांचं तोंड उघडं पडलं. हात वर आला, बहुतेक टोपी सावरायला, आणि अर्ध्यातच राहिला. ते बघत होते, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि पुन्हा पहिल्यापासून, आणि त्यांना कडा काही सापडत नव्हती. पारखायला काहीच न उरलेला एवढा मोठा माणूस मी कधी पाहिला नव्हता.

"मायो!" एवढंच ते म्हणाले, तेही अगदी लहान आवाजात.

अक्का त्यांचा चेहरा बघत राहिल्या. बराच वेळ. कपाळापासून हनुवटीपर्यंत, एक रेष न सोडता.

आबांच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं तसं त्यांनी गडबडून अक्कांचा खांदा धरला. "तू पाह्य ना आता. लौकर पाह्य. मी काही सांगत नाही."

"राहू द्या," अक्का म्हणाल्या. त्यांनी पदरानं आबांचे गाल पुसले, मॅनेजरसमोर, माझ्यासमोर. "तुमचं तोंड पाहून झालं माह्यं. खरंच नवा हाये समुद्र तुमाले."

आणि मग, गुडघ्यांना सांभाळत, आबांचा हात धरून, त्या सावकाश वळल्या.